जोडीतली जड बॉबिन

१

दर सोमवारी मी ताईसाठी वीस बॉबिनी घेऊन यायचो. ती त्यातल्या चार ठेवून घ्यायची आणि उरलेल्या सोळा माझ्या अंगावर फेकायची.

खरंच फेकायची. "ही काय बॉबिन आहे? दात कोरायला घेऊन जा," म्हणायची. मी खाली वाकून गोळा करायचो आणि ती हसायची.

शिलाई मशीनची बॉबिन वेगळी. लेसची बॉबिन म्हणजे पेन्सिलीएवढी लाकडी काडी. वर बारीक मान, त्या मानेवर दोरा गुंडाळायचा. खाली शेपटाला तारेत ओवलेले दोन-चार मणी, म्हणजे ती घरंगळत नाही. गच्च भरलेल्या गोल उशीवर नक्षीचा कागद लावायचा, कागदावर टाचण्या टोचायच्या, टाचण्यांना बॉबिनी लोंबत सोडायच्या आणि एकमेकींवरून टाकत जायचं. दोरे गुंतत जातात, लेस होत जाते. मी एकदा हौसेने बसलो होतो. दहा मिनिटांत असा गुंता केला की ताईने मला उशीपासून दोन हात लांब बसायची शिक्षा दिली. जन्मठेप.

मी कातारी आहे. मालकाच्या लेथवर दिवसभर खुर्च्यांचे पाय आणि दारांच्या मुठी काढतो. उरलेल्या तुकड्यांतून ताईच्या बॉबिनी काढायचो. एका दोऱ्याला दोन टोकं, दोन टोकांना दोन बॉबिनी, म्हणून लेसवाल्या नेहमी जोडीच मोजतात. जोडीतल्या दोघींचं वजन सारखं हवं. ताई डोळे मिटून एक या तळहातावर, एक त्या तळहातावर ठेवायची. मग टेबलावर घरंगळवून कान द्यायची. मी दर खेपेला मुद्दाम एक-दोन खोट्या घालायचो. ओलसर लाकडाच्या, जड, वरून छान पॉलिश मारलेल्या. ती हात लावताच ओळखायची. "ही शेणात बुडवून आणलीस की काय?" बारा सोमवारांत मी तिला एकदाही फसवू शकलो नाही.

तेराव्या सोमवारी खोकं दिलं तेव्हा तिच्या अंगात ताप होता. "ठेव स्टुलाखाली. उद्या निवडते," म्हणाली.

गुरुवारी तिला दवाखान्यात नेलं. रविवारी दुपारी मी तिच्यासाठी पाण्याची बाटली आणायला खाली गेलो होतो. वर आलो तेव्हा आई भिंतीकडे तोंड करून उभी होती. बाटली माझ्या हातात किती वेळ होती, आठवत नाही. नंतर ती मी जिन्यावरून खाली फेकली एवढं आठवतं. वॉचमनने शिवी दिली. मी त्याच्या अंगावर धावून गेलो.

२

ताई ज्या लेसघरात काम करायची तिथल्या सगळ्यात जुन्या बाईला सगळे थोरली म्हणतात. ताई गेल्यावर तिसऱ्या आठवड्यातल्या शनिवारी ती घरी आली. आईजवळ थोडा वेळ बसली. निघताना मला दाराशी बोलावून म्हणाली, "उशीवरचं काम अर्धं आहे. गिऱ्हाईक थांबलंय, पण मी घाई करणार नाही. येत्या शनिवारच्या पुढच्या शनिवारी उशी न्यायला येते. तोवर बॉबिनी मोजून ठेव. तुझ्याच हातच्या आहेत, तुला कळतील."

ताईची खोली म्हणजे आमच्या दोन खोल्यांपैकी आतली. खिडकीखाली उशी, उशीवर जुन्या चादरीचा तुकडा झाकलेला. तो आईने झाकला होता. मी त्या खोलीत गेलोच नव्हतो. जायचो ते दारापर्यंत.

रविवारी गेलो. कापड काढलं आणि मोजायला बसलो. तिने ही उशी घरी आणून मांडल्यापासून बारा सोमवार, चार-चार. अठ्ठेचाळीस व्हायला हव्यात.

पन्नास झाल्या.

माझं गणित शाळेत असल्यापासून कच्चं, म्हणून पुन्हा मोजल्या. पन्नास. मग स्टुलाखालचं खोकं ओढलं. तिने न निवडलेलं, तेराव्या सोमवारचं. त्यात वीस हव्यात. होत्या अठरा.

नव्या दोन बॉबिनी उशीच्या उजव्या कडेला होत्या. त्यांच्यावर दोरा गुंडाळलेला होता आणि दोरा टाचणीवरून लेसमध्ये शिरलेला होता. लेसमध्ये नक्षी रुंद होते तिथे नवी जोडी घालावी लागते, एवढं मला ताईमुळे ठाऊक होतं. नक्षी तिथे रुंद होत होती. जोडी बरोबर जागी होती.

मी मनाशी म्हटलं, तापात उठून तिनेच घातली असणार. तिचा स्वभावच तसा. बरं वाटलं मला. शेवटचं खोकं तिने निदान उघडलं होतं.

३

आई जेवत नव्हती. ताट समोर घ्यायची, दोन घास चिवडायची, ताट सरकवायची. शेजारच्या काकू रागावल्या, मी रागावलो, एकदा मी ताट आपटलंसुद्धा. तिला फरक पडत नव्हता.

त्या आठवड्यात मात्र दोनदा तिचं दुपारचं ताट धुऊन पालथं घातलेलं दिसलं.

"जेवलीस?" मी संध्याकाळी विचारलं.

"जेवले की. तू आत बसलेला असतोस ना, तेव्हा जातात चार घास."

"मी कुठे बसलेला असतो?"

"दुपारी. उशीवर. मी नळावर गेले की येऊन बसतोस." आई भांडी पुसत होती, माझ्याकडे बघत नव्हती. "टकटक ऐकू येते मला. आधी वाटलं, हा काय गुंता करून ठेवतोय. मग म्हटलं, करू दे. त्याचंही मन रमतंय. आत येऊन बघितलं नाही रे मी. तुला अवघडल्यासारखं होईल म्हणून."

मी दुपारी घरी येतच नव्हतो. डबा कारखान्यात खात होतो, लेथच्या मागे, भुशावर बसून. तिथे रडलं तरी मशीनच्या आवाजात कुणाला कळत नाही.

आईला मी म्हटलं, "हो गं, मीच."

दुसऱ्या दिवशी मालकाला पोट दुखतंय सांगून दोन वाजता घरी आलो. चप्पल जिन्यातच काढली. बाहेरच्या खोलीत आई जेवत होती. मला दारातून येताना बघून तिचा घास हातात थांबला. तिने आधी माझ्याकडे बघितलं, मग आतल्या दाराकडे.

आतून आवाज येत होता. लाकडावर लाकूड. टक, टकटक, टक. चार बॉबिनी, उलटसुलट, मग टाचणी टोचण्यापुरतं थांबणं. हा ठेका मी लहानपणापासून ऐकत झोपलोय.

मी धावलो. दार ढकललं आणि आवाज थांबला. खोलीत कुणी नव्हतं. खिडकीला आतून कडी. उशीवर कापड जसंच्या तसं. कापडाच्या कडेखालून एक मण्यांची शेपटी बाहेर आली होती आणि ती हलत होती.

मागे आई उभी होती. मला वाटलं किंचाळेल. तिने माझ्या दंडाला धरून मला बाहेर ओढलं आणि दार हळूच लोटून घेतलं.

"घाबरवू नकोस तिला," ती म्हणाली. मग परत येऊन ताटावर बसली. पाच मिनिटांनी आवाज पुन्हा सुरू झाला आणि आईने सगळं ताट संपवलं.

४

उंदीर असेल, वारा असेल, आम्हा दोघांचं डोकं फिरलं असेल. मी सगळं म्हणून पाहिलं. उंदीर टाचण्या टोचत नाहीत.

मला भीती वाटायला हवी होती. खरं सांगतो, मला आनंद झाला होता. कारखान्यात शीळ वाजवली म्हणून मालकाने डोळे मोठे केले. मला एकच खात्री करून घ्यायची होती.

संध्याकाळी मी ती नवी जोडी नीट हातात घेतली. पहिली बॉबिन हलकी, सरळ रेषेची. त्या खोक्यातली ती सगळ्यात चांगली होती. मी असतो तर तीच ताईला पुढे केली असती. दुसरी हातात घेतली आणि माझा हात खाली गेला.

ती खोटी होती. ओल्या लाकडाची.

ताईने खोटी निवडली? तापात असली तरी? मी दुसऱ्या दिवशी कारखान्यात मुद्दाम नवीन खोकं केलं. दहा चांगल्या, दहा खोट्या, सगळ्यांना सारखं पॉलिश, नीट मिसळलेल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी ते स्टुलावर ठेवून कामावर गेलो. आल्यावर बघतो तर एक जोडी उचललेली. एक चांगली, एक खोटी. त्याच्या पुढच्या दिवशी पुन्हा तेच. सहज म्हणून उचलल्या असत्या तर कधी दोन चांगल्या, कधी दोन खोट्या निघाल्या असत्या. इथे चांगली होती ती उरलेल्यांत उत्तम होती, आणि खोटी होती ती सगळ्यात जड होती.

म्हणजे निवड होत होती. पण एकाच हाताची नव्हती.

हे मनात आलं तेव्हा मी बॉबिन खाली ठेवली आणि हात पँटला पुसला. का पुसला, मला माहीत नाही.

५

लेसघर म्हणजे एक लांबट खोली, आठ उशा, आठ बायका. मध्ये ताईची रिकामी जागा. मी आत गेलो. थोरली चष्म्यावरून बघत म्हणाली, "काय रे, मोजल्यास?"

"मोजल्या. मावशी, एक विचारू? जोडीतली एक हलकी, एक जड असं कुणी करतं?"

"आंधळ्याने केलं तर."

"तसं नाही. मुद्दाम. निवडून."

"एकटी बाई नाही करायची. दोरा ओढला जातो, लेस वाकडी होते." तिच्या हातांतल्या बॉबिनी चालूच होत्या. "दोघी बसल्या तर होतं तसं."

"दोघी? एका उशीवर?"

"शिकवताना. आता कुणी करत नाही, वेळ कुणाला आहे? मी तुझ्या ताईला तसंच शिकवलं. तिला समोर बसवलं. प्रत्येक जोडीतली एक माझ्या हातात, एक तिच्या. मी ओढलं की तिला दोऱ्यातून कळायचं, केवढं ओढायचं. आणि नवशिकी नेहमी जडच उचलते. हलकी हातात असली तरी तिला हात रिकामाच वाटतो."

शेजारची एक बाई म्हणाली, "तू शिकतोयस की काय? मग तुला मुसळ द्यायला लागेल." सगळ्या हसल्या. मीही हसलो. घरी जाताना दोन चौक पुढे गेलो तेव्हा कळलं, आपला रस्ता मागेच राहिला.

ताई कुणाला तरी शिकवत होती. ती तिकडच्या बाजूला, आणि समोर दुसरं कुणीतरी, जोडीतली जड बॉबिन धरून. एका दोऱ्याची दोन टोकं.

कोण, हे मला सुचेना. आमच्या घरी त्या खोलीत येऊन लेस शिकत बसेल असं आमचं कुणी गेलेलं नव्हतं. आणि जे कुणी होतं त्याला हलकी वस्तू हातात असलेली कळत नव्हती.

६

मी अविचारी आहे, सगळेच म्हणतात. बुधवारी सकाळी मी खोक्यातल्या सगळ्या खोट्या बॉबिनी काढून घेतल्या. म्हटलं, त्याला काही मिळालंच नाही तर जाईल कंटाळून.

त्या दुपारी आवाज आला नाही. मी घरी थांबलो होतो. आई ताट घेऊन आतल्या दाराकडे तोंड करून बसली. तीन वाजले. तिने ताट सरकवलं.

"काय केलंस तू?"

"काही नाही."

"काहीतरी केलंयस. तुझं तोंड सांगतंय." मग तिचा आवाज एकदम लहान झाला. "परत कर रे. मी पुन्हा नाही सहन करू शकणार."

मी परत ठेवल्या. काय करणार होतो? साडेतीनला आवाज सुरू झाला आणि आई गार झालेलं अन्न जेवली.

गुरुवारी संध्याकाळी खोकं बघितलं आणि माझा विश्वास बसेना. उचललेल्या दोन्ही हलक्या होत्या. नुसत्या हलक्या नाहीत, एकाच काठीतून कापलेल्या. काठीचे रेषांचे पट्टे एकीतून दुसरीत सरळ जात होते. हे फक्त ताईलाच कळायचं. शुक्रवारीही तसंच. खोट्या सगळ्या खोक्यात तशाच पडलेल्या.

गेलं ते, मी म्हटलं. कंटाळलं, उठलं, गेलं. आता ताई एकटीच आहे.

शुक्रवारी मी आईसमोर बसून पोटभर जेवलो. त्या रविवारनंतर पहिल्यांदाच. आवाज किती सुरेख येत होता. कुठे अडखळणं नाही.

"हात बसला तिचा," आई म्हणाली.

मला ते ऐकून काहीतरी खटकलं होतं. पण मला खटकून घ्यायचं नव्हतं.

७

शनिवारी दुपारी थोरली आली. खाली टेम्पो उभा होता. उशी द्यायची नाही, असं मी ठरवलं होतं. पैसे भरून देतो म्हणणार होतो, पाया पडणार होतो, काहीही.

तिने कापड काढलं आणि वाकून बघत राहिली. मग अंगठा लेसवरून खाली फिरवत आली.

"हे पुढचं कुणी केलं?"

"मी," मी म्हटलं.

"तू?" तिने माझ्या हातांकडे बघितलं, मग लेसकडे. "खोटं बोलतोस. पण असू दे. हे बघ, इथपर्यंत तुझी ताई. हा तिचा हात, मी झोपेत ओळखेन. इथून दोन हात दिसतात. ओढ बघ, एक बाजू घट्ट, एक सैल. कुणीतरी समोर बसून शिकलंय. आणि हे..." तिचा अंगठा लेसच्या शेवटच्या चार बोटं लांबीच्या तुकड्यावर थांबला. "इथून पुढे पुन्हा एकच हात आहे. छान आहे. तिच्यासारखाच आहे अगदी. पण ती नाही."

"मग ती कुठेय?" मी मोठ्याने विचारलं.

थोरलीला वाटलं, मला रडू येतंय. तिने माझ्या पाठीवर हात ठेवला. "अरे, नवशिकीचा हात बसला, ती हलक्या बॉबिनी उचलायला लागली, की शिकवणारीचं काम संपतं. ती उठते. मीसुद्धा उठलेच ना तुझ्या ताईसमोरून?" तिने कापड पुन्हा झाकलं. "टेम्पोवाल्याला वर बोलावते. तू उशी नीट धर, टाचण्या सांभाळ."

तिची पावलं जिना उतरत गेली. खोलीत मी होतो आणि आई. आता मला एकच कळत होतं, ही उशी घरातून गेली पाहिजे. लगेच. मी दोन्ही हात तिच्याखाली घातले.

आवाज सुरू झाला. मी खोलीत असताना पहिल्यांदाच.

उशी माझ्या हातांत किंचित हलत होती. कापड दोन ठिकाणी वर उचललं जात होतं, दोनच. खालून बोटांचे उंचवटे दिसत होते, जात होते, दिसत होते. भरभर, सफाईने. अंगठ्यासकट सगळी बोटं एकाच लांबीची होती.

"आई," मी म्हटलं. "ही ताई नाही."

आई स्टुलावर बसली होती. तिने कापडाची चुणी सरळ केली, झोपलेल्या पोरावरचं पांघरूण सारखं करावं तशी.

"हळू बोल," ती म्हणाली. "मला माहितीये."

"माहितीये?"

"मी आई आहे. पण ती इथे येऊन बसते ना? शिकते ना? काल मला आई म्हणाली. स्पष्ट नाही येत अजून. येईल. तूसुद्धा तीन वर्षांचा होईपर्यंत बोलला नव्हतास."

जिन्यावर दोघांची पावलं वाजली. थोरली टेम्पोवाल्याला सांगत होती, सांभाळून, पायऱ्या उंच आहेत. मी उशी उचलली असती तर दारापर्यंत चार पावलं होती.

कापडाखालचे हात थांबले. आई त्यांच्यावर वाकली, जरा वेळ काहीतरी ऐकल्यासारखी. मग तिने वर माझ्याकडे बघितलं. महिन्याभरात तिचा चेहरा मी असा बघितला नव्हता.

"तुला काय म्हणायचं, तिला माहीत नाही," आई म्हणाली. "ताई तुला लाडाने काय हाक मारायची, सांग ना तिला."

ते नाव त्या रविवारनंतर मला कुणीही म्हटलं नव्हतं. आई ते कधी वापरायची नाही, ते फक्त ताईचं होतं. मी कापडाकडे बघितलं. त्याखाली सगळं अगदी शांत होतं, कान दिल्यासारखं.

एकदाच ऐकायचं होतं मला. एकदाच.

मी वाकलो आणि सांगितलं.